नेमकं काय कमी पडलं?

तिसऱ्या सत्राचे अंतर्गत गुण लागले त्या दुपारी मी हजेरीपट आवरत होते. औसा तालुक्यातून रोज एसटीनं येणारी एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, संवादकौशल्यात दहापैकी चार आलेत. चार तर चार, माझं काही म्हणणं नाही. पण नेमकं काय कमी पडलं ते सांगा की." आवाजात तक्रार नव्हती. घसाऱ्याचं गणित कुठं चुकलं हे विचारावं, तितक्या सरळपणे तिनं विचारलं होतं. मी कपाटातून गुणपत्रक काढलं. प्रकल्प सादरीकरणासाठी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भरलेला तो कागद. विषयज्ञान, संवादकौशल्य, सांघिक कार्य असे तीन रकाने, तिच्या नावापुढे आठ, चार, सहा. चारच्या आजूबाजूला एक अक्षर नाही. खाली सही आणि तारीख. तिला सांगावं असं त्या कागदावर काहीच नव्हतं. मी तो तिच्यासमोर धरला, तिनं तो वर-खाली पाहिला, "बरं मॅडम" म्हणाली आणि गाडी चुकेल म्हणून घाईनं निघाली. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. घरी भाकरी थापताना, पेपर तपासताना, मध्येच कधी तरी तो वर यायचा.

अकाउंट्स शिकवणाऱ्यांना हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण आमच्या विषयात गुण कुठं गेला हे बोट ठेवून दाखवता येतं. अंतिम खात्यांचा प्रश्न घ्या. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, दिलेली असते, खाली समायोजना, म्हणजे हिशेबात धरायच्या राहिलेल्या बाबी असतात, आणि प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम. अदत्त पगार नफा-तोटा पत्रकात मिळवला त्याला अर्धा गुण, ताळेबंदात देयतेच्या बाजूला दाखवला त्याला अर्धा. ताळेबंद जुळला नाही तरी वर्किंग नोट्स बरोबर असतील तर त्यांचे गुण कुणी कापत नाही. लातूरची मुलं तर याबाबतीत फार जागरूक. ज्या शहराच्या नावानं 'पॅटर्न' निघाला, जिथं रिक्षावाल्यापासून मेसवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना कटऑफ कळतो, तिथं अर्ध्या गुणासाठी मूल स्टाफरूमपर्यंत येतं आणि त्यात काही गैरही नाही. तीच मुलं संवादकौशल्याचे दहापैकी चार मुकाट्यानं घेतात. तिथं पायऱ्यांचे गुण असतात असं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. वरून पडला तो आकडा.

त्या मुलीनं पायऱ्यांचे गुण मागितले होते.

आणि ही मागणी फुटकळ नाही. हिशेबनीसाला बोलता-लिहिता आलं पाहिजे, चार माणसांत काम करता आलं पाहिजे, हे आमच्या व्यवसायानं केव्हाच कागदावर आणलंय. जगभरच्या लेखापाल संस्थांचा जो महासंघ आहे, आयफॅक, त्याच्या शिक्षणविषयक मानकांमधलं तिसरं मानक व्यावसायिक कौशल्यांचंच आहे, आणि त्यात बौद्धिक कौशल्यांच्या शेजारी परस्परसंबंध आणि संवाद यांना मानाचं पान आहे. ऑस्ट्रेलियात 2010 साली अकाउंटिंगच्या पदवीधराला किमान काय यायला हवं हे ठरवलं, तेव्हा पाचच गोष्टी निवडल्या, त्यातली एक 'संवाद आणि सांघिक काम'. आपल्याकडे सीएच्या मुलांना फायनलच्या आधी व्यवस्थापन आणि संवादकौशल्याचा वर्ग करावा लागतो. ऑडिटच्या मानकांमध्ये एसए 260 हे कंपनीच्या कारभाऱ्यांशी काय आणि कसं बोलायचं यासाठी आहे, आणि त्याच्यापुढचं 265 अंतर्गत नियंत्रणातल्या उणिवा त्यांच्या कानावर कशा घालायच्या यासाठी. आमची बहुतेक मुलं काही सीए होत नाहीत. ती मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या आडतीवर, पतसंस्थेत, कर सल्लागाराच्या हापिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढे बसतात. पण 2017 च्या जुलैपासून जीएसटी आला आणि या टॅलीपुढच्या पोराला रोज बोलावं लागायला लागलं. रेणापूरच्या किराणा दुकानदाराला नोटीस येते, तो घाबरून फोन करतो, आणि पलीकडच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला सांगावं लागतं की काका, खरेदीचं बिल समोरच्यानं दाखवलंच नाही, म्हणून तुमचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलंय. हे वाक्य दुकानदाराला कळलं की नाही, यावर त्याची रात्रीची झोप अवलंबून असते.

हे कळणं-न कळणं मी लहानपणी फार जवळून पाहिलंय. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायची. सोयाबीनचा हंगाम असला की सगळा मोंढा एका पिवळट धुळीत असायचा. घशात खवखव, सुतळीचा आणि नव्या पोत्याचा तो विशिष्ट वास, हमालांच्या आरोळ्या, काट्यावर कट्टा आदळल्याचा आवाज. सौदा निघाला, माप झालं, की शेतकरी पट्टी घ्यायला गादीपाशी यायचा. अण्णा पट्टी लिहायचे आणि लिहून झाली की कागद उलटा फिरवायचे, म्हणजे अक्षरं शेतकऱ्याच्या बाजूनं सुलट. मग पेनचं टोपण एकेका ओळीखाली ठेवत वाचायचे. इतके कट्टे, इतकं वजन, हा भाव, एवढी रक्कम. यातून हमाली, तोलाई, आडत. यातून तुम्ही पोळ्याला नेलेली उचल. राहिले इतके. आणि मग थांबायचे. समोरचा माणूस "म्हंजी हातात इतके पडायले" असं स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत ते पैसे मोजायला घ्यायचे नाहीत. गर्दी असो, मालक खाकरो, पुढचा माणूस खोळंबलेला असो. कुणी आकडा चुकीचा म्हटला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. एकदा एका म्हाताऱ्या बाईला उचल दोनदा कापली असं वाटत होतं. अण्णांनी खतावणी उघडून तिच्या नावाचं पान तिच्यापुढे ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पान ठेवलं आणि दोन वेगवेगळ्या दिवसांच्या दोन नोंदींवर तिचंच बोट टेकवलं. "ही पोळ्याची. ही दवाखान्याची." ती म्हणाली, "व्हय, दवाखान्याची मी इसरलेच."

अण्णा चारचौघांत बोलायला उठले तर त्यांचे शब्द अडखळायचे. लग्नात मंगलाष्टकांनंतर दोन शब्द बोला म्हटलं की ते मांडवाच्या मागं जायचे. आमच्या सादरीकरणाच्या टेबलासमोर ते उभे राहिले असते तर त्यांना संवादकौशल्यात किती मिळाले असते, असं मला त्या गुणपत्रकाकडे पाहताना वाटून गेलं.

एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण आलं, फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे कामाच्या जागीच घ्यायचं प्रशिक्षण आले, तसे आमच्याकडे रुब्रिकही आले. आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता. डावीकडे निकष, वर चार पातळ्या, आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीचं काम कसं दिसतं याचं वर्णन. कल्पना मला पहिल्यापासून आवडली. चौकटीतलं वाक्य नीट लिहिलेलं असेल तर तेच त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असतं. पण हातोहात फिरत आमच्यापर्यंत पोचलेल्या तक्त्यात वाक्यं कशी होती? 'आत्मविश्वासपूर्ण देहबोली.' 'श्रोत्यांशी सातत्यपूर्ण नेत्रसंपर्क.' 'भाषा ओघवती.' आणि पातळी बदलली की फक्त विशेषण बदललेलं: उत्कृष्ट, चांगली, समाधानकारक, असमाधानकारक. म्हणजे चारच्या जागी 'असमाधानकारक' असा शब्द आला, एवढाच फरक. नेमकं काय कमी पडलं हे पुन्हा गुलदस्त्यातच.

हे तक्ते बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या एका संचावरून उतरत उतरत आलेत. तिथल्या महाविद्यालयांच्या एका संघटनेनं, एएसीअँडयूनं, 2009 साली 'व्हॅल्यू' नावाची रुब्रिक्स काढली. त्यात तोंडी संवाद आहे, लेखी संवाद आहे, सांघिक काम आहे. मी ती मुळातून वाचली तेव्हा वाटलं, उतरवताना बरंच काही सांडलंय. तोंडी संवादाच्या रुब्रिकमध्ये मांडणी, भाषा, सादर करण्याची पद्धत, आधार म्हणून दिलेली माहिती आणि मुख्य मुद्दा असे पाच वेगळे निकष आहेत. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातली सादर करण्याची पद्धत तेवढी उरली. शिवाय त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की ही संस्थेच्या पातळीवर शिक्षणाचा अंदाज घेण्यासाठी आहेत, मुलांना गुण देण्यासाठी नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणानं, प्रत्येक विषयानं ती आपल्या भाषेत आणून घ्यावीत. हा शेवटचा भाग वाचून मला फार मोकळं वाटलं. ज्यांनी केलं त्यांनीच सांगितलंय की बदला.

बदलायचं तर आधी भांडावं लागतं. आम्ही तिघा-चौघांनी एका सादरीकरणाचं मोबाइलवरचं चित्रण स्टाफरूममध्ये बसून पाहिलं आणि एकमेकांना न दाखवता गुण लिहिले. एकाच मुलीला एका सरांनी दुसरी पातळी दिलेली, माझ्या कागदावर चौथी, म्हणजे सगळ्यांत वरची. सर म्हणाले, "मॅडम, तिनं मान वर केलीच नाही." खरं होतं. समोर तिच्या गावातले पतसंस्थेचे चेअरमन बसले होते, नात्यानं तिचे चुलत आजोबा. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणं म्हणजे आमच्याकडे उद्धटपणा. ती खाली मान घालून, पण थकबाकीच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून बोलत होती, आणि चेअरमन त्या बोटामागून मान हलवत जात होते. सरांनी चित्रण पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "पण उद्या ही पुण्याला मुलाखतीला गेली तर तिथं मान खाली चालेल का?" त्यांचंही खरं होतं. खूप वेळ कुणी बोललं नाही, पंखा तेवढा कुरकुरत होता.

एकाच कामाला तपासणाऱ्यांनी भलतेसलते गुण देणं ही काही आमच्या स्टाफरूमची खासियत नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. 1961 साली अमेरिकेत डीडरिक, फ्रेंच आणि कार्लटन या तिघांनी 300 निबंध 53 जणांकडून तपासून घेतले. तपासणाऱ्यांत भाषेचे शिक्षक होते, विज्ञानाचे होते, लेखक-संपादक, वकील, व्यवसायातली माणसं होती. श्रेणी नऊ. निकष मुद्दामच दिले नव्हते, ज्यानं त्यानं आपल्या मतानं लावायचे. 94 टक्के निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या, आणि 101 निबंध असे निघाले की त्यांना कुणी ना कुणी सगळ्या नऊच्या नऊ श्रेणी दिल्या होत्या. पुढे त्यांनी शोधलं की लोक काय काय पाहतात. कुणी विचार पाहत होतं, कुणी मांडणी, कुणी शब्द, कुणी लेखकाची स्वतःची अशी धाटणी, तर कुणी फक्त शुद्धलेखन. सगळे प्रामाणिक होते. जो तो आपल्याला दिसलं त्याला गुण देत होता. मला त्या बाहेरून आलेल्या परीक्षकांवरचा रागही हे वाचून थोडा निवळला. त्यांनी काय पाहिलं ते त्यांना लिहायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

मग आम्ही आमचा तक्ता लिहायला घेतला. एक नियम ठरवला: चौकटीत विशेषण नको, दिसणारी-ऐकू येणारी गोष्ट हवी. 'चांगले', 'प्रभावी', 'समाधानकारक' हे शब्द आले की खोडायचे. याला किती वेळ लागतो ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. एकेका वाक्यावर चहाचे दोन-दोन फेर झाले. संवादाचा पहिला निकष मी अण्णांच्या गादीवरूनच उचलला: ऐकणाऱ्याला आकडा कळला का? पहिली पातळी, विद्यार्थी कागदावरचं वाचून दाखवतो. दुसरी, विद्यार्थी आकडा कुठून आला ते सांगतो, पण 'धनको', 'घसारा', 'तरतूद' असे शब्द न उलगडता पुढे जातो. तिसरी, प्रत्येक असा शब्द ऐकणाऱ्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊन उलगडतो. चौथी, ऐकणारा शेवटी मुख्य आकडा आणि त्याचं कारण स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. आणि तो चुकला, तर विद्यार्थी पुन्हा मागं जातो. नजरेचं वाक्य आम्ही काढलं, आणि सरांच्या आग्रहाखातर मुलाखतीची वेगळी तयारी करून घ्यायचं ठरवलं, गुणांविना. हा निवाडा मला आजही पटतो. परक्या माणसासमोर मान वर करणं शिकवावं, जरूर शिकवावं. पण आजोबांसमोर खाली ठेवली म्हणून कापू नये.

या तक्त्यानिशी मुलं पुढच्या सत्रात गावोगाव गेली. कुणी दूध संकलन केंद्राचे हिशेब लिहिले, कुणी वेल्डिंगच्या दुकानाचे, कुणी पापड करणाऱ्या बचत गटाचे. सादरीकरण वर्गात नाही, त्या त्या मालकासमोर. औशाची ती मुलगी बचत गटाकडे होती. समाजमंदिराच्या फरशीवर बायका गोलाकार बसलेल्या, मध्ये उडदाच्या पापडांचं सूप, आणि ही वहीवर रेघ मारून सांगते आहे की शिल्लक चोवीस हजार दिसते, पण त्यातले नऊ हजार अजून दुकानदारांकडून यायचेत, म्हणून पेटीत एवढे नाहीत, कुणी खाल्ले म्हणून नाही. शेवटचं वाक्य तिनं जरा थांबून म्हटलं. गटाच्या अध्यक्षीणबाई एकदम तिच्याकडे पाहायला लागल्या. गेले काही महिने त्या गावात याच संशयावरून दबकी कुजबूज चालली होती, हे आम्हाला नंतर कळलं. एका आजींनी पटकन हिशेब परत म्हणून दाखवला, पैशापैशासकट. मी चौथ्या पातळीच्या चौकटीत खूण केली आणि खाली आजींचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. वर्गात ते तिला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही, कागद मागून घेतला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

सांघिक कामाचा तक्ता मात्र सहजासहजी वळला नाही. गटात काम करताना माणूस कमी जोर लावतो, हे जुनं निरीक्षण. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. 1913 साली त्याचं लिखाण छापलं गेलं. आठ जण एकत्र ओढायला लागले की एकेकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या निम्म्यावर यायचा. काही जोर ताल न जुळल्यानं जातो, पण सगळा नाही. 1979 मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच दाखवलं, आणि पुढे हेही दिसलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की ही ढिलाई नाहीशी होते. तेव्हा प्रत्येकाचं काम वेगळं दिसलं पाहिजे एवढं पक्कं. पण दिसणार कुणाला? मी तर गटाच्या प्रत्येक बैठकीत नसते. म्हणून मुलांनाच एकमेकांना गुण द्यायला सांगितलं. सगळ्या गटांतून सगळ्यांना चारपैकी चार. एकाच गावची, एकाच गाडीनं येणारी, कुणी कुणाचा मावसभाऊ, कुणी एकाच खोलीवर राहणारे. कोण कुणाविरुद्ध लिहील? आणि लिहावं असं तरी मी का म्हणावं, हाही प्रश्न मला पडलाच. खोलीवरची दोस्ती मोडून सांघिक कामाचे गुण मिळवायचे, यात काही तरी उलटं आहे.

यातून वाट एका मुलानंच काढली. वर्गात यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा मागच्या बाकावरून तो म्हणाला, "मॅडम, व्हाउचर नाही तर नोंद नाही, हे तुम्हीच शिकवलं. मग गुणाला व्हाउचर कामून नाही?" वर्ग हसला, पण मला ते लागलं. लेखाशास्त्रात वस्तुनिष्ठ पुराव्याची संकल्पना आम्ही पहिल्या वर्षी शिकवतो. पावती नसेल तर तो खर्च आमच्या लेखी झालेलाच नाही. तेव्हापासून मुलं एकमेकांना आकडा देत नाहीत. गटातल्या प्रत्येकाविषयी एकच ओळ लिहायची: यानं कोणत्या तारखेला काय केलं, ज्यामुळे काम पुढं सरकलं. निंदा करायची गरज नाही, नुसती नोंद. आणि त्या नोंदींवरून पातळी मी ठरवते. जो काहीच करत नाही त्याच्याविषयी लिहायला मित्रांना तारीख सापडत नाही, आणि ते त्याला स्वतःलाही कळतं. एकीनं लिहिलं होतं, "नऊ तारखेला माझी आणि हिची कडाकडा भांडणं झाली. यानं दोघींचेही आकडे मागवून घेतले, बँक जुळवणीपत्रक स्वतः केलं आणि चूक बँकेच्या शुल्कात निघाली असं सांगितलं. कुणाची चूक ते नाही सांगितलं." एवढ्या नोंदीवर सांघिक कामाचं एक अख्खं व्याख्यान देता येईल.

उपस्थितीच्या निकषाचं तर त्याहून गंभीर होतं. हातोहात आलेल्या तक्त्यात 'गटाच्या सर्व बैठकांना हजर' अशी ओळ सगळ्यांत वर होती. आमच्या वर्गात तांड्यावरून येणारा एक मुलगा आहे. दिवाळी झाली की त्याचे आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर घरी म्हातारी आजी, धाकटी बहीण, दोन शेळ्या आणि हा. बैठका तीनला ठरायच्या आणि हा बाराच्या गाडीनं गेलेला असायचा. पण गटाचे सगळे शेरे, सगळी टॅलीतली भर त्यानं रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केलेली. मूळच्या व्हॅल्यू रुब्रिकमध्ये 'बैठकीबाहेर केलेलं स्वतःचं काम' असा निकष स्वतंत्र आहे, बैठकीतल्या सहभागाइतकाच मोठा. इथं येईपर्यंत कुणी तरी तो गाळला, बहुधा मोजायला अवघड म्हणून. हजेरी मोजायला सोपी असते. मराठवाड्यात, जिथं दर हिवाळ्यात तांडेच्या तांडे, गावंच्या गावं रिकामी होतात, तिथं हा निकष गाळणं म्हणजे एका अख्ख्या समाजाच्या मुलांचे गुण आधीच कापून ठेवणं. आम्ही तो परत घातला आणि उपस्थितीची ओळ काढून टाकली.

तक्त्यानं सगळं आवाक्यात येतं असं मात्र मला म्हणवत नाही. चौकटी भिंतीवर लावल्या आणि मुलं चौकटींकडे पाहून बोलायला लागली, हेही झालं. चौथी पातळी कळल्यावर काही गट मालकाला आधीच पढवून ठेवायला लागले: "काका, शेवटी आमचा आकडा परत म्हणा बरं का." वेल्डिंगवाल्या काकांनी तो इतका घडाघडा म्हटला की सगळ्यांच्या लक्षात आलं. आणि दुसऱ्या बाजूला, एक मुलगा त्या दूध केंद्रावर गेल्या गेल्या म्हशीच्या फॅटवरून गवळ्याशी काय गप्पा मारत बसला, की तिथला सगळा ताण उतरला आणि पुढं वही उघडणं सोपं झालं. त्याचं हे काम कोणत्या चौकटीत बसवायचं? मी खूप शोधलं. शेवटी तक्त्याखाली एक मोकळी जागा ठेवली आणि तिथं लिहिलं. तिला गुण नाहीत. तशीच ती राहू द्यावी असं मला वाटतं, कारण गुण लावले की उद्या सगळेच म्हशीविषयी बोलायला लागतील. शिवाय शंभरावर मुलं, प्रत्येकाच्या चौकटी, प्रत्येकाच्या ओळी. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता डोळे जड होतात आणि बोट आपोआप तिसऱ्या पातळीकडे जातं. त्यावर उपाय दोघांनी तपासण्याचा, आणि दुसरा माणूस मिळवणं हीच आमच्याकडची मोठी अडचण. किती पदं रिकामी आहेत हे ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक आहे त्यांना सांगायला नको.

सध्या आम्ही अडलोय ते त्याच तांड्यावरच्या मुलाच्या प्रकल्पापाशी. त्यानं विषय घेतला उचलीचा. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, तोडलेल्या उसाचे टन, टनामागची मजुरी, आजारपणाचे खाडे, मध्ये घेतलेला खर्ची, आणि शेवटी फिटली किती, उरली किती. असं खातं त्यानं मागच्या तीन हंगामांचं आईवडिलांच्या आठवणीतून आणि मुकादमाच्या चिठ्ठ्यांवरून मांडलं. जमा-नावे, व्यवस्थित बाकी काढून. आईवडील परतल्यावर तांड्यावर, लिंबाखाली, त्यानं ते त्यांना समजावून सांगितलं. सगळं गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. मला आणि सरांना त्यातला एक शब्दही कळला नाही. कळत होते ते फक्त मध्येमध्ये येणारे 'टन', 'उचल' आणि आकडे. वडिलांनी शेवटी बाकी मराठीत आम्हाला सांगितली, बरोबर सांगितली. कारणही सांगितलं, की दुसऱ्या सालचे पावसाचे खाडे जुन्या बाकीत मिळवलेत. चौथी पातळी झाली. मग आई, जी तोवर पदराआडून ऐकत होती, तिनं मुलाला काही विचारलं, आणि मुलगा गप्प झाला. आम्ही विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, "आई म्हणायली, मग औंदा उचल घ्यायचीच कशाला, किती कमी घेतली तर भागंल ते काढून दे."

सरांचं म्हणणं, ही पाचवी पातळी धरावी: ऐकणारा हिशेब समजून घेऊन त्याच्या पुढचा स्वतःचा प्रश्न विचारतो. याहून मोठा पुरावा संवादाचा कोणता? माझं मन त्याला अर्धंच राजी आहे. बचत गटातल्या आजींनी प्रश्न विचारला नाही, कारण त्यांना पडला नाही. त्याबद्दल औशाच्या मुलीला एक पायरी खाली का ठेवायचं? ऐकणाऱ्याची हुशारी आणि परिस्थिती मुलाच्या गुणांत मोजायची का? सर म्हणतात, प्रश्नाला जागा करून देणं हे सांगणाऱ्याचंच कौशल्य, तेवढंच मोजू. मग तसं वाक्य लिहून दाखवा, असं मी म्हटलंय. जूनच्या आत ते लिहायचंय, शनिवारी पुन्हा बसतोय. मुलगा दरम्यान आईला हवा तो आकडा काढतो आहे. परवा घरखर्चाची यादी घेऊन आला होता, शेळीच्या दुधाचं उत्पन्न कुठल्या बाजूला दाखवायचं ते विचारायला.